कोऱ्या लुगड्याची जकात

जकातीचा विषय नभोवाणीवर काढला की पुष्कळांचे हात यंत्राच्या खुंटीकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून जकातीविषयी नव्हे, तर प्रथम एका लुगड्याविषयी बोलतो. जकात मागाहून आपोआप येईल. तिची ती सवयच आहे.

माझ्या आत्याचे लग्न १९४१ साली झाले. माहेर चांद्याचे, सासर राजुऱ्याचे. दोहोंमध्ये आठ-नऊ कोसांची वाट आणि वर्धा नदी. आज चंद्रपूर व राजुरा ही एकाच जिल्ह्यातली गावे आहेत, सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास परत येतो. पण त्या वेळी नदीच्या अलीकडे इंग्रजांचा मध्यप्रांत होता आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. भाषा तीच, देव तेच, सोयरीकही आपसांत. पण नाणे निराळे, शिक्का निराळा, आणि नदी ओलांडताच जकातीचे नाके. त्या खात्यास तिकडे ‘करोडगिरी’ म्हणत. अकबराच्या अमदानीत कोटी दामांच्या वसुलीवर जो अंमलदार नेमीत त्यास करोडी म्हणत असत. तोच शब्द दक्षिणेत उतरता उतरता जकातवाल्यास चिकटला, असे मानतात. आमच्या घरी मात्र म्हाताऱ्या बायका ‘करोडगिरी’ हा शब्द चेटकिणीच्या नावासारखा उच्चारीत.

लग्न लागले, वऱ्हाड परतीस निघाले. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून आजीची थोरली जाऊ होती. आम्ही तिला थोरली आजी म्हणत असू. रुखवताच्या पेटीत आजीने स्वतः भरलेले कोशाचे लुगडे होते. कोशाचे कापड म्हणजे आपल्या ऐन-अर्जुनाच्या रानातील किड्याचे रेशीम. त्याचा मूळचा रंग मधासारखा. त्याच्या पदरावर आजीने तांबड्या व हिरव्या रेशमाने सात मोर काढले होते. दोन पावसाळे तिची सुई त्यावर चालली होती.

नाक्यावरील कारकुनाने पेटी उघडली. मनुष्य सभ्य होता, असे थोरली आजी अखेरपर्यंत सांगत असे. त्याने सामानाचे दोन भाग केले. नेसूचे, वापरातले ते एकीकडे. कोरे ते दुसरीकडे. वापरातल्यास दस्तुरी नाही, कोऱ्यास साधारण शेकडा पाच. नवरीचे एक साधे कोरे लुगडे तो नेसू समजून सोडण्यास तयार होता. पण मोर पाहून तो थांबला. तो म्हणाला, “बाई, हे लुगडे नव्हे, हे भरलेले कापड आहे.” थोरली आजी म्हणाली, “अहो, नेसतात ते लुगडे.” तो म्हणाला, “माझ्या वहीत दोन्ही निराळी आहेत. ह्याची किंमत निराळी धरावी लागेल.”

वरपक्षाचे लोक पैसे काढू लागले. थोरल्या आजीस ते मानवले नाही. माहेरच्या आहेराची दस्तुरी सासरच्यांनी भरली, हे बोलणे मुलीस जन्मभर ऐकावे लागेल, असे तिच्या मनाने घेतले. तिने कारकुनास विचारले, “दोरा काढला तर?” तो म्हणाला, “मग साधे लुगडे.” ती नदीकाठच्या चिंचेखाली बसली, आणि पानसुपारीच्या चंचीतील अडकित्त्याच्या टोकाने तिने मोर उसवण्यास आरंभ केला. बैल सोडले गेले. नवरी मान खाली घालून बसली होती. उन्हे कलली तेव्हा सहा मोर एका काटकीवर गुंडाळलेल्या दोऱ्याच्या रूपाने तिच्या ओटीत होते. सातव्यास ती हात घालणार तोच कारकून जवळ आला आणि म्हणाला, “तो राहू द्या. एका मोराने कापड भरलेले होत नाही.”

श्रोतेहो, ही गोष्ट मी लहानपणी अनेक वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी मला त्या कारकुनाचा राग येई. पुढे मास्तरकीत तीन तपे घालविल्यावर, आणि वाचनाची थोडीफार आवड असल्यामुळे, माझ्या ध्यानात आले की त्या मनुष्याने नदीकाठी उभ्या उभ्या जो प्रश्न सोडविला, तो सोडविण्यात मोठमोठ्या राज्यांच्या कायदेमंडळांनी तीनशे वर्षे घालविली आहेत. कापडाला नाव काय द्यावयाचे? सुईचा किती फेरा झाला म्हणजे एक वस्तू दुसरी होते? आणि नाव बदलले म्हणजे कर किती बदलावा? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. अर्थशास्त्राचा अधिकार सांगत नाही. पण ह्या नावांच्या मागे आपल्या भागातील कित्येक घरांची चूल पेटली वा विझली आहे, म्हणून दोन शब्द बोलण्याचे धाडस करतो.

चांद्याचे कापड एके काळी नावाजलेले होते, हे आज कोणास सांगून खरे वाटत नाही. कोळसा, कागद, सिमेंट ही आता ह्या जिल्ह्याची ओळख झाली. परंतु कोष्टी आणि साळी विणीत, महार स्त्री-पुरुष सूत कातीत, आणि ते सूत इतके बारीक उतरे की, एका पौंडाचा धागा ११७ मैल लांब भरला अशी नोंद इंग्रजी अमदानीच्या आरंभीच्या काळातील सांगतात. चांद्याच्या अंचलेश्वर दरवाजाशी टोक धरून निघाले तर नागपूर गाठून धागा हातात उरावा, एवढी ही लांबी. रेशीमकाठी सुती लुगडी शहरात होत. कोशाचे काम आरमोरी, नागभीड ह्या बाजूस. आरमोरी आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. तो जिल्हा १९८२ च्या २६ ऑगस्टला निराळा झाला, तोवर सर्व एकच चांदा होता. रानात कोसा पाळण्याचे काम मुख्यतः ढिवर मंडळींचे. ऐनाच्या झाडावर किडे सोडावयाचे आणि पाखरांपासून राखीत बसावयाचे. त्या कोशाचा धागा आरमोरीच्या मागावर चढे.

गोंड राजांचे राज्य जाऊन १७५१ साली चांदा नागपूरकर भोसल्यांकडे आला व १८५३ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. मराठी अमलात जकात बहुधा बैलाच्या ओझ्यावर घेत. वंजाऱ्यांचे तांडे पूर्व किनाऱ्याचे मीठ घेऊन येत आणि इकडचा कापूस घेऊन जात. नाकी पुष्कळ, जकातदार पुष्कळ, आणि त्रासही पुष्कळ. त्याची भलावण करण्याचे मला कारण नाही. परंतु ओझे मोजणाऱ्याला पदरावर मोर आहे की नाही हे पाहण्याची फारशी गरज नसते. नग उलगडून, त्याला नाव देऊन, त्या नावासमोर दर लिहिण्याची विद्या पुढे आली, आणि ती प्रथम आपल्यासाठी बांधली गेली नव्हती. ती बांधली गेली विलायतेत, विलायतेच्या विणकरांसाठी.

सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या छापील व रंगीत सुती कापडाने इंग्लंडातील बायकांना इतके वेड लावले की तेथील लोकरीचे व रेशमाचे विणकर दंग्यास उठले. तेव्हा १७०० साली पार्लमेंटने कायदा केला. त्यात बंदी होती ती छापलेल्या, रंगविलेल्या, चितारलेल्या कापडावर. पांढरे सुती कापड मात्र आणता येई. परिणाम काय झाला? पांढरे कापड हिंदुस्थानातून येऊ लागले आणि छाप लंडनजवळ मारू लागले! तेव्हा १७२१ साली पुन्हा कायदा करून छापील सुती कापड अंगावर घालण्यासच बंदी केली. पुढे १७३६ साली तागाच्या ताण्यावर सुती बाणा घातलेल्या कापडास मोकळीक मिळाली. ते कापड मँचेस्टरकडे होत असे, हे वेगळे सांगावयास नको. नाव कोणते काढावयाचे आणि कोणते ठेवावयाचे, हे ज्याच्या हाती असते तो आपले घर आधी सांभाळतो.

१८२४ सालचे इंग्लंडातील दर पहा. हिंदुस्थानची मलमल असेल तर शेकडा ३७॥ कर. तेच सूत जरा जाड विणून ‘कॅलिको’ ह्या नावाखाली गेले तर शेकडा ६७॥. आणि ज्याचे नाव नीट ठरत नाही अशा इतर सुती मालास शेकडा ५०. कापूस हिंदुस्थानचा, कातणारी बाई हिंदुस्थानची. बंदरावरचा कारकून कोणता रकाना उघडतो त्यावर तीस टक्क्यांचा फरक.

बरे, ही परदेशाची गोष्ट झाली. आपल्याच देशात काय होते? कंपनी सरकारच्या बंगाल इलाख्यात अंतर्गत जकात होती, आणि तिच्यात एक मौज होती. मौज म्हणतो, पण तिने किती घरे बुडाली कोण जाणे. कापूस नाक्यावरून गेला की शेकडा ५. त्याचे सूत झाले की ती नवी वस्तू, शेकडा ७॥. सुताचे कापड झाले की पुन्हा नवी वस्तू, शेकडा २॥. आणि पांढऱ्या कापडाचा परवाना घेतल्यावर ते रंगविले, तर कागदावरील नाव व गाठोड्यातील माल जुळत नाही, म्हणून आणखी शेकडा २॥. बेरीज १७॥. त्याच वेळी विलायतेचे तयार कापड कलकत्त्याच्या बंदरात शेकडा २॥ देऊन आत येई. ट्रेव्हेल्यन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने १८३४ साली ह्या साऱ्या व्यवस्थेवर कडक अहवाल लिहिला, लॉर्ड एलेनबरोने हे आकडे पुढे मांडले, आणि बंगालची अंतर्गत जकात १८३६ साली, मुंबईची १८३८ साली, मद्रासची १८४४ साली उठली. थोरल्या आजीचा मोर ह्याच जातीचा होता: साध्या लुगड्यावर एक हात अधिक फिरला की माल नवा, नाव नवे, देणे नवे.

मध्यप्रांत १८६१ साली निराळा झाला. तेथे कापसाचे कमिशनर म्हणून रिव्हेट-कार्नाक नावाचे गृहस्थ होते. हिंगणघाटच्या कापसाचे त्यांना मोठे प्रेम. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी आली, तेव्हा त्यांनी उघड लिहून ठेवले आहे की, ह्या गाडीने विलायती कापड स्वस्त येईल, गावठी कापड मागे हटेल, आणि विणकराचे हात मोकळे होऊन ते कापूस पिकविण्याच्या कामी येतील. मनुष्य खोटा नव्हता. त्याला ते खरोखर हिताचे वाटत होते. त्याच सुमारास सर आर्थर कॉटन यांची गोदावरीतून आगबोटी चालविण्याची योजना सुरू होती: समुद्रापासून सिरोंचापर्यंत, तेथून प्राणहिता, तेथून वर्धा. सिरोंचा १८६० च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आले ते ह्याच जलमार्गाच्या हिशेबात. नदीतील खडकांचे अडसर फोडण्यासाठी पुष्कळ पैसा खर्च झाला आणि १८७१ साली काम सोडून देण्यात आले. ते पार पडते तर मँचेस्टरचे गठ्ठे आमच्या वर्धा नदीने, त्याच चिंचेजवळून, वर आले असते.

आता हिंदुस्थानच्या आयात जकातीची कथा ऐका. १८७५ नंतर विलायती सुती मालावर शेकडा ५ जकात होती. मँचेस्टरवाल्यांना तीही जड वाटे, कारण मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. गिरण्या काढीत जाड कापड. तेव्हा १८७९ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी आपल्या मंडळातील बहुतेकांचे मत बाजूस सारून असा हुकूम काढला की, ज्या कापडात ३० नंबरापेक्षा बारीक सूत नाही ते जकातीतून मुक्त. श्रोत्यांपैकी ज्यांनी चरखा चालविला असेल त्यांना सुताचा नंबर म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो, एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो नंबर. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक. चांद्याचे ते ११७ मैलांचे सूत हिशेबाने २४५ नंबरच्या आसपास जाते!

ह्या ३० नंबरच्या रेषेने काय केले? व्यापारी हा व्यापारीच. जे कापड आजवर थोडे बारीक येत होते ते आता मुद्दाम किंचित जाड विणून येऊ लागले, आणि विनाजकात गोदीबाहेर जाऊ लागले. ग्राहकाला फरक कळेना, सरकारला उत्पन्न मिळेना. बारीक आणि जाड यांमध्ये कायद्याने काढलेली रेघ कापडाने सहज ओलांडली. अखेर १८८२ साली सुती मालावरील जकात मुळीच काढून टाकण्यात आली. बारा वर्षांनी, १८९४ साली, रुपया घसरून सरकारची तिजोरी रिकामी झाली तेव्हा जकात परत आली. पण तिच्याबरोबर हिंदी गिरण्यांच्या २० नंबरावरील सुतावर तेवढाच अंतर्गत कर आला. १८९६ साली पुन्हा फिरवाफिरव होऊन विलायती कापडावर शेकडा ३॥ आणि हिंदी गिरणीच्या कापडावरही शेकडा ३॥ असे ठरले. सूत दोन्हीकडचे मोकळे. हा अंतर्गत कर उठण्यास १९२६ साल उजाडावे लागले. लोकमान्यांच्या पिढीने ह्या साडेतीन टक्क्यांवर किती शाई खर्च केली असेल याची गणती नाही.

ह्यात आमच्या कोष्ट्यांचे काय झाले? हातमागाच्या कापडावर तो कर नव्हता आणि सूतही मोकळे होते; म्हणून कागदावर त्यांचे भलेच झाले. नागपुरास टाटांची एम्प्रेस मिल १८७७ च्या १ जानेवारीस सुरू झाली होती. गिरणीचे सूत गावोगाव मिळू लागले. ते घेऊन कोष्टी टिकला. कातणारे मात्र गेले. ११७ मैलांचा धागा काढणारे हात शेतमजुरीला आणि खाणीवर लागले. वरोऱ्याची कोळशाची खाण तेव्हा सुरू झालीच होती. जकातीच्या कोणत्याही कोष्टकात कातणारणीसाठी रकाना नव्हता. ज्याचे नाव कोष्टकात नसते त्याचे नुकसानही कोठे मांडले जात नाही, ही गोष्ट मला फार दिवस खुपत आली आहे. आणि ते हात बहुतेक महारांचे होते, म्हणून त्यांचे दुःख सांगणारेही त्या वेळी फार कोणी निघाले नाहीत, हेही बोलून टाकतो.

आता पुन्हा मोराकडे वळू. साधे कापड आणि भरलेले कापड यांची वाटणी आजचा कायदा कशी करतो? १९३४ चा टॅरिफ कायदा जाऊन १९७५ चा आला, आणि १९८६ पासून आपल्या देशाने जगभर चालणारी सामाईक सूची स्वीकारली. तिच्यात मालाला प्रकरणे आहेत. पन्नासावे प्रकरण रेशमाचे, बावन्नावे कापसाचे. अठ्ठावन्नावे प्रकरण हे जरा गमतीचे आहे. मखमल, लेस, गोंडे, झालरी असा सारा नटवा परिवार त्यात एकत्र राहतो. त्यातील ५८१० हा क्रमांक भरतकामाचा. ठाण असो, पट्टी असो की कापून घेतलेली फुले असोत. त्यात जर किंवा काचेचा धागा असो, टिकल्या अथवा मणी शिवून बसविलेले असोत. सारे त्या एका अंकाखाली.

येथे एक भेद नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. मागावर विणता विणता उमटलेली नक्षी ही भरतकाम नव्हे. आमच्या कोष्ट्याने धोट्याने काढलेली बुट्टी, पैठणीच्या पदरावरचा मोर, हे विणीचे अंग आहेत; ते काढून टाकले तर कापडच उरत नाही. म्हणून पैठणी रेशमी कापडाच्या प्रकरणात राहते. सुईने काढलेला मोर उसवता येतो, खाली कापड शाबूत राहते. म्हणून तो ५८१० मध्ये जातो. म्हणजे कायद्याची कसोटी आणि थोरल्या आजीची कसोटी एकच निघाली. दोन्ही मोर दिसावयास सारखे असतील. पण एकाचा जन्म मागावर, दुसऱ्याचा सुईवर. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी चीनमधून रेशमी भरतकामाच्या साड्या आणीत. त्यांना ‘गारा’ म्हणतात. त्या साड्यांवरचे बगळे सुईचे. शेजारी बनारसी शालू ठेवला, तर त्यावरची वेल मागाची. कारकुनाने कापड उलटून पाहावे, एवढाच उपाय.

पण यंत्राने तेही कठीण करून ठेवले. १८६३ साली स्वित्झर्लंडात ग्रोब्ली नावाच्या कारागिराने धोट्याच्या आकाराच्या गोट्याने भरतकाम करणारे यंत्र काढले, आणि सेंट गॅलन गावाचा भरलेला माल जगभर गेला. पुढे त्या लोकांनी अशी युक्ती काढली की, एका विरघळणाऱ्या कापडावर दाट भरतकाम करावयाचे आणि मग खालचे कापड द्रावणाने नाहीसे करावयाचे. उरते ते नुसते भरतकाम, कापड गेले! आता ह्याला काय म्हणावे? जाळी म्हणावे तर ते सुईचे आहे, भरतकाम म्हणावे तर भरले कशावर? कायद्याने त्याला ५८१० मध्येच, पण ‘तळ न दिसणारे भरतकाम’ असा स्वतंत्र पोटरकाना दिला आहे. हे वाचले तेव्हा मला थोरल्या आजीची आठवण होऊन हसू आले. तिने दोरा काढून कापड ठेवले. स्वित्झर्लंडवाल्यांनी कापड काढून दोरा ठेवला.

कोशाच्या बाबतीत मात्र ही सूची मला अपुरी वाटते. कच्च्या रेशमाचे तिने दोन मोठे भाग केले: तुतीच्या पाल्यावरचे, आणि तुतीव्यतिरिक्त. आमच्या ऐनावरचा कोसा आणि चीनमधील ओकाच्या झाडावर पोसलेला तसर हे दोन निराळे किडे आहेत, त्यांचा धागा निराळा, रंग निराळा, मोल निराळे. पण गोदीत दोघांची गाठ एकाच रकान्यात पडते. कमी-अधिक काय व्हावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. आरमोरीच्या विणकराला मात्र तो फरक डोळे मिटून बोटांनी कळतो.

एक अनुभव माझाही सांगतो. १९८७ साली, मी एका शाळेत असताना, संमेलनासाठी मखमलीवर जरीचे भरतकाम केलेले निशाण आम्ही नागपूरहून करवून आणले. आमच्या भागातील एका गावच्या नाक्यावर आम्हास अडविले. नाकेदार मला म्हणाला, “गुरुजी, हे कापड म्हणू की शोभेची वस्तू?” मी म्हटले, “हे निशाण आहे.” त्याने वही चाळली, निशाणाला रकाना नव्हता. शोभेची वस्तू म्हणून जास्त दर लागला, मी तो पदरचा भरला. शाळेत पावती दिली तेव्हा हिशेबनीस म्हणाले, बिलावर तर ‘कापड’ लिहिले आहे, तेवढीच जकात मिळेल! उरलेले रुपये मला अद्याप येणे आहेत. नगरपालिकांची ती नाक्यावरची जकात आपल्या राज्यात १९९९ साली उठली. त्या नाक्याच्या खोलीत मागाहून मी एक पानठेला पाहिला.

करोडगिरीचे नाके त्याच्या पुष्कळ आधी गेले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात सामील झाले आणि संस्थानची स्वतंत्र जकात त्यानंतरच्या वर्षांत संपली. राजुरा १९५६ साली मराठी मुलुखाबरोबर मुंबई राज्यात आला, प्रथम नांदेड जिल्ह्यात, आणि १९५९ साली चांद्यास जोडला गेला. आत्या तेव्हा तेहतीस वर्षांची होती. ती म्हणे, माहेर आणि सासर एका जिल्ह्यात आल्याची बातमी समजली त्या दिवशी तिने पेटी उघडून लुगडे उन्हात घातले.

ते लुगडे आता माझ्याकडे आहे. सहा मोर तिने पुन्हा काढले नाहीत. सासूने एकदा सुचविले, दोराही त्याच काटकीवर जपून ठेवलेला होता. पण आईच्या हातचे टाके आपल्या हाताने भरावयास तिचे मन घेईना. कापड उजेडात धरले की सुईची भोके दिसतात आणि त्या भोकांवरून प्रत्येक मोराचा पिसारा कोठवर होता हे समजते. पदराच्या उजव्या कोपऱ्यात सातवा मोर आहे, तांबड्या चोचीचा. माझी नात परवा विचारीत होती, ह्या साडीला एकच मोर का. तिला नदीवर नेऊन सांगावे म्हणतो. चिंच आता नाही. पण जागा मला दाखविता येईल.